सात नंबर, उपाशी

बोईसरमध्ये सिस्टरबद्दल चांगलं बोलणारी माणसं पुष्कळ सापडतील. आमच्या सोसायटीतच दोन डझन आहेत आणि त्यांत आमचे हे पहिले. चांगलं ऐकायचं असेल तर त्यांच्याकडे जावं. मला सिस्टरचा हेवा वाटायचा, पोटात दुखेपर्यंत वाटायचा, आणि तो एका मांजरीवरून सुरू झाला हे सांगायची आता लाजही वाटत नाही.

सगळी नोकरी तिने सरकारी दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. निवृत्त झाल्यावर मुरब्याला भावाकडे जायचं सोडून ती आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकटी राहायला आली. लग्न केलेलं नव्हतं. का नव्हतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दारावर नावाची पाटी होती तरी लहानथोर सगळे सिस्टरच म्हणत. पातळाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि ब्लाउजला टाचलेलं उलटं घड्याळ, असा वेष. तोंडावर मी तिला अहो-जाहो करत असे. मागे कधी केलं नाही, इथेही करणार नाही.

संध्याकाळी पाच वाजता ती पातेलं घेऊन इमारतीमागच्या पाण्याच्या टाकीजवळ यायची. पाच म्हणजे पाच. पातेल्यात माशांची डोकी घालून शिजवलेला आसट भात असायचा, बिनमिठाचा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या की ताजी मासळी मिळेनाशी व्हायची, तेव्हा कोंबडीवाल्याकडच्या माना आणि पाय. टाकीजवळ अकरा मांजरं आधीच येऊन बसलेली असायची, मध्ये हातभर जागा सोडून, पंगतीला बसल्यासारखी. सिस्टर थिएटरमधल्या असतात तसल्या वाकड्या इनॅमलच्या ट्रे मांडायची, वाढायची, चार पावलं मागे सरकायची आणि घड्याळ बघत उभी राहायची. साडेपाचला ट्रे उचलल्या. उशिरा आलेल्याला त्या दिवशी काही नाही.

"अहो सिस्टर, ते बिचारं आत्ता आलं," मी एकदा म्हटलं.

"उद्या वेळेवर येईल," ती म्हणाली. "उरलेलं ठेवलं का उंदीर येतात, आनि उंदीर आले का अध्यक्ष येतो."

तिने एकाही मांजराला कधी हात लावलेला मी पाहिला नाही. कुरवाळणं नाही, सोन्या-बाळा नाही. नावंसुद्धा नव्हती, खाटांसारखे नंबर होते. "नाव दिलं का हक्क आला," ती म्हणायची, "आनि हक्क आला का मानूस आंधळा होतो. पेशंटला नंबर बरा." आणि असल्या बाईच्या समोर अकरा मांजरं! मी त्यांना दूध द्यायचे, पोळी कुस्करून द्यायचे, गाणीसुद्धा म्हणायचे. माझं दूध पिऊन, मिशा पुसून ती पाच वाजता तिच्या पंगतीला हजर. आमचे हे खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, "सिस्टरबाईंकडून शिका काहीतरी." एकवीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला लाटणं फेकून मारलं नाही, ही माझी पुण्याई.

तिची थर्माकोलच्या खोक्यांची एक तऱ्हा होती. पावसाळ्याच्या तोंडावर ती सातपाटीहून मासळीचे रिकामे खोके मागवायची, ज्यात बर्फ घालून मासे पाठवतात ते. धुऊन, बाजूला वीतभर गोल भोक पाडून, आत भाताचा पेंढा भरून ते टाकीमागे विटांवर ठेवायची. मांजरांची पावसाळी बिऱ्हाडं. हे सुट्टीच्या दिवशी ते खोके वाहायचे. बाजारातून मला कोथिंबिरीची जुडी आणून दिलेली आठवत नाही. मग मीही मागे राहिले नाही. आमच्या मुलाची लहानपणची गोधडी काढली, माझ्या आईने हाताने शिवलेली, आणि एका खोक्यातला पेंढा उपसून ती आत अंथरली. पेंढ्यापेक्षा गोधडी बरी, हे शेंबडं पोरही सांगेल. दोन दिवस धो धो पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सिस्टर दारात उभी, हातात ती गोधडी, धुऊन, वाळवून, घडी केलेली. त्या पावसात वाळवली कशी, देव जाणे.

"कापड पानी धरून ठेवतं, बाय. पेंढ्यातून गळून जातं. आत पिल्लू होतं, गारठलं असतं."

एवढंच बोलून गेली. रागावली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

एकदा सोसायटीच्या सभेत ठराव आला की सगळी मांजरं गोणीत भरून मनोरच्या जंगलात सोडून यायची. सिस्टर शांतपणे उठली. "सोडा," म्हणाली. "महिन्याभरात दुसरी येतील. कचरा हितंच, उंदीर हितंच, मंग जागा रिकामी कशी राहील? अध्यक्षसाहेब, तुमी खुर्चीवरनं उठा, बघा किती वेळ रिकामी राहते." उपाध्यक्ष नको तितक्या मोठ्याने हसले. "त्यापेक्षा हायत ती राहू दे. एकेकाचं ऑपरेशन मी करवून आनते. पिल्लं थांबतील, भांडनं थांबतील, आनि बाहेरच्या नव्या मांजराला हीच आत येऊ देनार नायत." ठराव बारगळला. मीही तिच्याच बाजूने हात वर केला आणि घरी येऊन कारण नसताना भांडी आपटली.

अकरांतली एक मात्र माझी होती. आम्ही कऱ्हाडकडचे. यांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी इथे आलो, तेव्हा मुलगा पुण्याला वसतिगृहात आणि यांच्या पाळ्या. दारावर येणाऱ्या मासेवाल्या मला हसायच्या, कारण मला बोंबील आणि मांदेली यांतला फरक कळत नसे. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. अशात एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक पांढरी मांजरी येऊन बसली. पाठीवर पिवळा डाग, हळद सांडल्यासारखा. मी तिला "या" म्हटलं. या गावात मी कुणाला म्हटलेलं ते पहिलं "या". मी तिचं नाव केशर ठेवलं. दोन बोटं कपाळावर टेकवू द्यायची ती, तीही फक्त मला. सिस्टरच्या लेखी ती सात नंबर.

सिस्टरची पद्धत ठरलेली होती. ज्याचं ऑपरेशन, त्याचा नंबर आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर खडूने लिहायची, पुढे "उपाशी". मग संध्याकाळी घरोघर जाऊन सांगायची, कुणी काही घालायचं नाही, पाणी तेवढं चालेल. दिवाळीनंतर एके दिवशी बोर्डावर आलं: "सात नंबर, उपाशी." संध्याकाळी ती माझ्या दारात आली.

"भूल देताना पोट भरलेलं असलं तर उलटी होते," तिने सांगितलं. "ती छातीत गेली का जनावर हाताला लागत नाय. ध्यानात ठेव."

"आणि कान कापणार ना तिचा?" मी विचारलं. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक मांजराच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं मी पाहत होते.

"इवलंसं टोक, भुलीतच. लांबून कळतं का हिचं झालंय. नाय तर परत कोनी पोट फाडायचा."

"माझ्या केशरचा कान कापायचा नाही."

"तुजी?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुजी असंल तर घरात घे, दार लाव. मंग मी बोर्ड पुसते."

यांना दमा. मांजर घरात वावरलं की खोकून खोकून बेजार होतात, हे तिला माहीत होतं. ती पुढच्या दाराकडे गेली आणि मी तिच्या पांढऱ्या बुटांकडे बघत दातओठ खात राहिले.

सकाळी हे पहिल्या पाळीला गेले. केशर साडेपाचला नेहमीसारखी खिडकीत आली. मी तिला दोन वाट्या दूध-पोळी घातली. चुकून नाही, विसरून नाही. भरल्या पोटाचं मांजर पिंजऱ्यात कशाला जाईल, असा माझा विचार. पिंजरा रिकामा राहील, सगळ्यांसमोर सिस्टरचं एकदा तरी हसं होईल आणि केशर कोणाची ते ठरेल. सिस्टरने सांगितलेलं मला आठवत होतं. पण ती पिंजऱ्यातच गेली नाही तर भुलीचा प्रश्न येतो कुठे?

साडेसहाला सिस्टरने टाकीजवळ पिंजरा ठेवला. औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डरकडून करून घेतलेला, आत पाय पडला की दार खाली येणारा. आत भाजलेल्या बांगड्याचा तुकडा. चारपाच जण चहाचे कप घेऊन बघायला उभे. केशर टाकीमागून आली, एकदा सिस्टरकडे बघितलं आणि सरळ आत गेली. माझं दोन वाट्या दूध पोटात घेऊन तिच्या बांगड्यासाठी आत गेली! दार पडल्याचा आवाज झाला तेव्हा मला केशरची काळजी आधी वाटायला हवी होती. मला वाटला तो अपमान.

सिस्टरने पिंजऱ्यावर हिरवं कापड टाकलं. अंधार झाला की मांजर शांत होतं. मग वर बघून विचारलं, "हिला कोनी काय दिलं नाय ना?"

सगळ्यांनी माना हलवल्या. तिची नजर माझ्यावर आली.

"नाही," मी म्हटलं.

सिस्टर पिंजरा घेऊन रिक्षाने पालघरच्या जनावरांच्या दवाखान्याकडे गेली. मी घरात आले. ओट्यावर दोन वाट्या तशाच पडल्या होत्या. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं आपल्याला कोणी बघत नाही. मी तर डोळे उघडे ठेवून पाजलं होतं. सिस्टरला फोन लावला तर तो तिच्याच बंद दारामागे वाजायला लागला. चार्जिंगला लावून विसरली असणार. यांना लावावा तर कारखान्यात मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. दवाखान्याचा नंबर कुणालाच ठाऊक नव्हता. केसही न विंचरता मी नाक्यावर गेले आणि पालघरच्या शेअर रिक्षात बसले.

"भाभी, सवारी भरने दो," रिक्षावाला म्हणाला.

"सब सीट मेरी. चलो," मी ओरडले. उमरोळी येईपर्यंत तो आरशातून माझ्याकडे चोरून बघत होता.

दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर एका शेळीत अडकले होते. डोंगराकडचं एक जोडपं अडलेली शेळी घेऊन आलं होतं, तिचं करडू उलटं आलेलं. त्या शेळीचे उपकार मी विसरणार नाही. सिस्टर बाकावर बसली होती, शेजारी हिरव्या कापडाखाली पिंजरा, पुढचा नंबर तिचाच.

"मी दूध-पोळी घातली तिला," मी दारातूनच म्हटलं. "मुद्दाम. तुमचा पिंजरा रिकामा राहावा म्हणून."

शेळीवाल्या बाईने वळून बघितलं. सिस्टरने घड्याळ हातात घेतलं.

"किती वाजता?"

"साडेपाच."

"किती?"

"दोन वाट्या."

"डॉक्टर," तिने आत हाक मारली, "सात नंबर आज नाय. उद्या आनते."

झालं. जीव मुठीत धरून कबुली द्यायला आले आणि तिने ती ताप मोजावा तशी घेतली. परतीच्या रिक्षात पिंजरा आमच्या दोघींच्या मांडीवर होता. मी रडत होते. बोईसरचा फाटा आला तेव्हा ती बोलली. "आता सोडली तर दोन महिने पिंजऱ्याजवळ फिरकायची नाय. आज तुज्या मोरीत राहील, पिंजऱ्यातच. संध्याकाळी थोडं खायला मी आनून देईन. त्यानंतर काय नाय. उपाशी तू ठेवायची."

"मी?"

"मंग कोन? आनि दूध बंद कर. त्यानं जुलाब होतात त्यांना."

घरी येऊन तिने बोर्डावरचं अक्षर पुसलं नाही. त्याखाली फक्त "उद्या" लिहिलं. कोणी दूध घातलं, हे तिने कुणालाही सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही.

मोरीतून केशरचं ओरडणं घरभर ऐकू येत होतं. मी दाराला पाठ लावून बसले. उठून फ्रीजपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. यांनी रेडिओ मोठा केला. आयुष्यात मी कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं. रागावून स्वतः उपाशी राहिले असेन, पण समोरच्याला वाढलं. सकाळी सिस्टर आली तेव्हा मी जागीच होते. तिने पिंजऱ्याचं कापड उचलून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "जमलं तुला," म्हणाली. कुणी माझं इतकं कौतुक केल्याचं मला आठवत नाही, आणि ते तिने करावं याचा मला पुन्हा राग आला.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवस केशर सिस्टरच्या घरी पिंजऱ्यात होती, डावा कान टोकाला सपाट झालेला. तिसऱ्या दिवशी सकाळी जिथे पकडली होती तिथेच, टाकीजवळ, पिंजरा ठेवला. सिस्टरचा नियमच तो, जिथून उचललं तिथेच ठेवायचं. दार तिने मला उघडायला सांगितलं. मी उघडलं. केशर गोळीसारखी सुटली आणि भिंतीवरून पलीकडे गेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही आणि सिस्टरकडेही बघितलं नाही.

पिंजऱ्यावरच्या हिरव्या कापडाची घडी करता करता सिस्टर म्हणाली, "एवढी सोडली मी. दर वेळी वाटतं, एक तरी मागं वळून बघंल. एकानं बघितलं नाय गो."

खरं सांगायचं तर आधी मला बरंच वाटलं. तिलाही काही मिळत नाही तर! मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ते बरं वाटणं तिथल्या तिथे जिरलं. तेवढ्या दिवसापुरतं.

पुढे दोन वर्षांनी तिचे गुडघे गेले. मुरब्याहून भाऊ टेम्पो घेऊन आला. जाताना तिने पातेलं आणि ट्रे माझ्या दारात आणून ठेवल्या. "पाच म्हंजे पाच," एवढंच म्हणाली. टेम्पो वळला तसं माझ्या मनात पहिलं आलं ते हे की आता सगळी माझी.

पहिल्या दिवशी मी पाचच्या ठोक्याला ट्रे मांडल्या. दहा आली, जेवली. केशर नव्हती. ती सिस्टरच्या बंद दाराच्या उंबऱ्यावर बसली होती, तोंड दाराकडे करून. मी ट्रे उचलून तिथे नेली, तिने हुंगलीसुद्धा नाही. सकाळी माझ्या खिडकीत येऊन निमूट खायची. पाच वाजले की तिथे. नऊ दिवस. रोज पाच ते साडेपाच, आणि मग उठून जायची. दहाव्या दिवशी ती पंगतीला आली. मी तिला हाक मारली नाही.

थंडी सरता सरता मी मुरब्याला सिस्टरला भेटायला गेले. भावाच्या ओट्यावर खुर्चीत बसून ती सुपात सुके बोंबील निवडत होती. पातेलं गळत नाही ना, पाणी रोज बदलते ना, नवं मांजर आलं तर काय करणार, सगळं विचारून झालं. मी बरोबर उत्तरं दिली. मग सुपातून मान वर न करता तिने विचारलं, "माजी कोनी वाट बघितली काय गो? पहिल्या दिवसांत?"

नऊ दिवस माझ्या जिभेवर होते. या बाईला आयुष्यभर हवी असलेली एकच गोष्ट होती आणि ती आत्ता माझ्या हातात होती. ज्या मांजरीला मी "या" म्हटलं, नाव दिलं, जिच्यासाठी अख्खी रिक्षा करून पालघर गाठलं, ती माझ्यासाठी नऊ मिनिटं तरी कुठे बसली असती का?

"नाही हो," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशीच विसरली सगळी."

"बरं झालं," सिस्टर म्हणाली. एक बोंबील तिने या ढिगातून त्या ढिगात टाकला, मग तोच उचलून परत या ढिगात टाकला. "शहानी हायत. बरं झालं." वहिनीने चहा आणला. आम्ही चहा प्यायलो आणि मी निघाले.

पालघरला मी धावत गेले होते, कारण न जाते तर मांजर मेलं असतं. खोटं ऐकून माणूस काही मरत नाही, असं मी मनाला सांगते. मुरब्याहून येऊन आज चार महिने झाले. रोज पाच वाजता ट्रे मांडते आणि रोज मनाला तेच सांगते.